पंधरा जूनच्या आत

शाळेतल्या यागोदाबाईंना दरवर्षी सांगते
तेच यंदाही सांगितलं:
पंधरा जूनच्या आत खोली मोकळी हवी.
त्या म्हणाल्या, माहीत आहे,
एवढ्या वह्या तपासल्या की निघते.
भांडल्या असत्या
तर मला रागावता तरी आलं असतं.

सप्टेंबर ते जून, महिन्याचे दोनशे वीस युरो.
जुलैत आठवड्याचे सातशे.
हा हिशोब मी मांडत नाही,
तो आपला आपण मांडला जातो,
रात्री, दिवा मालवल्यावर.

मग झाडणं, चुना, नव्या चादरी.
पलंगावरचा ल्युबोचा फोटो उतरवला.
दोन्ही हातांत ट्यूना, मिशी वाऱ्यावर,
मरायच्या आदल्या वर्षीचा.
गेल्या मोसमात कुणीसं लिहिलं होतं:
समुद्र निळा, चादरी स्वच्छ,
पण भिंतीवरचा माणूस रात्रभर आमच्याकडे बघतो.
चार तारे.
त्या खिळ्याला आता स्प्लिटच्या दुकानातून आणलेले शिंपले,
छापील.
आमच्या किनाऱ्यावर असले शिंपले सापडत नाहीत.

मी तळघरात येते.
रिकामी पिंपं, व्हिनेगरचा वास, घडीची खाट,
कानाशी विजेचा मीटर.
माझ्याच डोक्यावर माझाच पलंग कुरकुरतो.
पावलांवरून कळतं कोण आलंय:
टाचा आपटणारे तक्रार करतात,
चवड्यांवर चालणारे टॉवेल नेतात.
ग्राझचे गृहस्थ विचारत होते,
चर्चची घंटा आठच्या आधी बंद ठेवता येईल का.
म्हटलं, विचारून बघते.
विचारू कुणाला?
डॉन वित्स्कोंनीही वरचा मजला पाहुण्यांना दिलाय
आणि ते स्वतः घंटेच्या खालीच झोपतात.

यंदा चौदा तारखेला युगो सुटला,
दक्षिणेचा, दमट, डोकं धरायला लावणारा वारा.
फेरीबोट रद्द.
पंधरालाही रद्द.
धक्क्यावर यागोदाबाई पाच खोक्यांवर बसलेल्या,
मांडीवर शाळेचा पृथ्वीगोल,
पाऊस आला तर भिजू नये म्हणून
स्वतःच्या कोटात गुंडाळलेला.
वर ग्राझवाले झोपलेले.
मी म्हटलं, एक रात्र.

एक रात्र म्हणता म्हणता ऑगस्ट उजाडला.
स्लावोनियात त्यांचा भाऊ आहे, पण त्याची बायकोही आहे.
ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही,
कांदे सोलताना कळलं.
पृथ्वीगोल पिंपावर ठेवलाय.
कधीमधी बोटाने फिरवतात,
जर्मनी, ऑस्ट्रिया, जिथून जिथून
आमच्या डोक्यावर माणसं येतात.

ल्युबो त्यांच्या खाटेसमोर टांगलाय.
दुसरीकडे खिळाच नव्हता.
पहिल्या रात्री मी म्हटलं, नको असेल तर भिंतीकडे तोंड करून ठेवते.
त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.
म्हणाल्या, राहू द्या.
तो माझ्याकडे कुठे बघतोय,
त्याचं सगळं लक्ष माशाकडे.
बावीस वर्षं मी हा फोटो पुसत आलेय.
मला हे कधी दिसलं नव्हतं.

कॉफीच्या भांड्याखाली त्यांनी वीस युरो ठेवले.
मी परत केले.
पुन्हा ठेवले, पुन्हा परत केले.
तिसऱ्यांदा उचलून एप्रनच्या खिशात टाकले.
कितीही झालं तरी मी मालकीण आहे.
त्यांना बरं वाटलेलं दिसलं.
मला नाही, पण खिशातून काढलेही नाहीत.

काल रात्री दोघी जेवत होतो,
सार्डिन, कालचा पाव.
वर कुणीतरी नळ सोडला.
भिंतीपलीकडच्या टाकीतलं पाणी चढू लागलं,
हिवाळाभर कौलांवरून गोळा झालेलं,
वर त्या, खाली मी,
दोन दोन तांब्यांत आंघोळ उरकून राखलेलं.
आम्ही चमचे खाली ठेवले.
एक मिनिट. तीन. सात.
यागोदाबाई हळूच म्हणाल्या,
दाढी करत असेल.