कीप, केप्ट, केप्ट

छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलंय :
अ. हमीद सरगुरोह, स्टोअरकीपर.
सोहार बंदराच्या मागे, गेट नंबर चार,
पत्र्याच्या शेडमध्ये मी ठेवतो
बेअरिंगं, गॅस्केटं, ऑइल सील,
सहा हजार दोनशे जिन्नस,
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला कप्पा.

पहिल्या आठवड्यात मारिसेल मॅडमना म्हणालो,
"आय केप्ट द फाइल ऑन युवर टेबल."
त्या हसल्या. "केप्ट नाही हमीद, पुट.
कीप म्हणजे तुझ्याचकडे. परत न देता."
मी मान डोलावली.
आमच्या बोलीत टेबलावर ठेवणं
आणि कायमचं ठेवून घेणं
यात एका 'घेणं'चाच काय तो फरक.

त्याच दुपारी एच.आर.च्या खिडकीतून
पासपोर्ट आत सरकवला.
पलीकडचा माणूस वर न बघता म्हणाला, "वी कीप."
त्याचं इंग्रजी कुणी सुधारलं नाही.

आज रात्री आठला, म्हणजे तिकडे साडेनऊला,
रुमानाचा फोन.
"अब्बा, कीपची पाच वाक्यं हवीत. उद्याच."

कीप क्वाएट, म्हणालो.
"ते बाई रोजच म्हणतात. दुसरं."

कीप राइट.
"आपल्याकडे लेफ्ट असतं, अब्बा."
बरं, लेफ्ट लिही.

कीप युवर प्रॉमिस.
"म्हणजे?"
पाळणं.
"मुनीराखाला कोंबड्या पाळते, ते पण कीप?"
ते पण.
वचन काय नि कोंबड्या काय,
दोन्हींना रोज दाणा टाकावा लागतो,
दोन्ही अंधार पडायच्या आत मोजून आत घ्यायची.
(दोन वर्षांत येतो म्हणालो होतो.
तेव्हा ती पाळण्यात होती.
आता अकरावं लागलंय तिला.)

मिल्क डज नॉट कीप.
"दूध ठेवत नाही?"
टिकत नाही गं. टिकणं, तेही कीपच.
इथल्या उन्हाळ्यात टिकतात ती फक्त
खजूर, सुकी मासळी आणि करारपत्रं,
पण हे वहीत लिहू नकोस.

पलीकडच्या बंकवर तुलबहादूर
कानाला मोबाइल लावून पडलाय.
त्याच्या बापाचा आवाज आहे त्यात, अकरा सेकंद :
पोहोचलास का, जेवलास का.
बाप गेला परवाच्या दसैंला.
याने दोन फोन बदलले,
दर वेळी ते अकरा सेकंद
जुन्यातून नव्यात आणून ठेवले.
याचं वाक्य मला इंग्रजीत करता आलं नाही.

"अब्बा, पाचवं?"

कीप वेटिंग.
"वाट ठेवणं?"
नाही. वाट बघत राहणं.
ती थोडा वेळ गप्प. पेन्सिल चावत असणार.
"मग ठेवणारा नि राहणारा
इंग्रजीत एकच असतो?"

नऊ वर्षं हा शब्द छातीवर टाचून हिंडतोय,
हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.
मी म्हणालो, बाईंना विचार.

मग फहमीदा येते फोनवर,
ठेवणीतल्या आवाजात. तो आवाज
ती फक्त शुक्रवारी काढते, आज मंगळवार आहे.
कौलं शेकारून झाली. जावेनं
नव्या बाथरूमला नावं ठेवली.
खतीबांच्या पोरीचं नाव अफशीन ठेवलं.
गळ्यातलं अजून बँकेत आहे, ठेवलेलं.
तब्येत? बरी आहे, ठीक आहे,
ठेव त्या डॉक्टरचं नाव बाजूला.

"ठेवू?" ती विचारते.
ठेव, मी म्हणतो.
तीही ठेवत नाही, मीही नाही.
तिकडचा पंखा ऐकू येतो, त्याचं एक पातं लागतंय
कशाला तरी, जाताना बघायचं राहिलं होतं,
आणि आतल्या खोलीतून रुमाना,
घोकत, सुरात, चुकीच्या जागी श्वास घेत,
कीप, केप्ट,
केप्ट, कीप

शेवटी बॅलन्स संपतो,
तोच ठेवतो.