हरकत

प्रति,
सुनावणी अधिकारी, वारसा समिती, नागपूर.
विषय : सर्वे बंगला, सिव्हिल लाइन्स. अठ्ठावीस मजले.

महोदय,
जाहिरात वाचली. आतल्या पानावर होती,
निविदा आणि नावात बदल यांच्या मधोमध,
मुंगीच्या अक्षरात. तीस दिवस दिलेत तुम्ही,
त्यातले नऊ माझं भिंग शोधण्यात गेले.

मी विशाखा शेंडे.
नगररचना खात्यात अनुरेखक होते, एकतीस वर्षं.
दुसऱ्यांनी काढलेल्या रेघेवरून रेघ ओढायची,
एवढंच काम.
या बंगल्याचा नकाशा चारदा उतरवलाय मी.
चारही वेळा पश्चिमेच्या भिंतीतलं एक भोक
मूळ नकाशात नव्हतं,
म्हणून माझ्याही नकाशात नाही.

तुमच्या अहवालात कमानी आहेत,
ओतीव लोखंडाचे खांब, मंगलोरी कौलं,
कुठल्याशा कमिशनरच्या घोड्यांची पागा.
बिल्डरच्या पुस्तिकेतही कमान आहे, एक.
ती तो ठेवणार आहे लॉबीत,
काचेमागे, खालून दिवे लावून.
भोक कुणाकडेच नाही.

मे महिन्यात त्या व्हरांड्यात कावळाही बसत नाही.
तिथं माझा आजोबा, डोमाजी, बसायचा
भिंतीला पाठ लावून,
पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून.
दोरी भोकातून आत जायची, आत पंखा हलायचा,
पंख्याखाली साहेब जिल्हे मोजायचा.
दारांना वाळ्याच्या ताट्या. त्यांवर पाणी मारताना
चार थेंब आजोबावर उडायचे, तेही चुकून.

ती खोली त्यानं आतून कधी पाहिली नाही.
घरी येऊन सांगायचा,
तिथं फार थंड असते म्हणतात.

पेंग आली, दोरी सैल पडली
की आतून ओरडा यायचा, "जोर से!"
आजोबा डोळे न उघडता म्हणायचा,
काही हरकत नाही, जी.

माझा पुतण्या प्रज्योत त्याच टॉवरचं बुकिंग घेतो.
म्हणाला, काहून वाचवून राह्यली आत्या, गोऱ्याचं घर?
आज्याला पायरी चढू दिली नाही त्यानं.
पडू दे ना बाप्पा.
आपण विसाव्या मजल्यावर घेऊ, एसी लावू,
आत बसू.

त्याचं चुकत नाही.
मला लगेच उत्तर सुचलं नाही, वरण उतू गेलं.

मग मंगळवारी गेले. चौकीदार उइकेच्या स्टुलावर चढले,
आणि भोकात बोट घातलं.
सागाची चौकट. वरची कड अजून धारदार,
खालची झिजून खोल गेलेली,
लहान मुलाच्या टाळूसारखी गुळगुळीत.
साग इतका झिजायला किती उन्हाळे लागतात
हे बांधकाम खात्याच्या दरसूचीत नसेल.
हजेरीपट वाळवीनं खाल्ले.
आजोबाचा अंगठा उठलेला
एवढाच कागद उरलाय, आणि तो लाकडाचा आहे.

मग डोळा लावून पाहिलं.
आत काही नव्हतं. मोडकी कपाटं,
छताला दोन कड्या,
आणि खरंच, थोडं थंड होतं.

प्रज्योत, घर गोऱ्याचं होतं, मान्य.
भोक आपलं आहे.

तर महोदय, नकाशा सोबत जोडलाय. पाचवा.
पश्चिमेची भिंत, व्यास दीड इंच,
जमिनीपासून उंची मी टेप लावून घेतलीय.
या वेळी कुणाच्या रेघेवरून ओढला नाही,
म्हणून हात थोडा हललाय, तेवढं समजून घ्या.

आमच्या घरात हे म्हणायची सवय नाही,
त्यामुळे वाक्य दोनदा लिहून खोडलं.
मला हरकत आहे.

आपली,
विशाखा शेंडे

ता. क. उइकेला चार महिन्यांचा पगार मिळालेला नाही.
तो काही हरकत नाही म्हणतो.
त्याचंही बघा.