वरचा कान

नवी पेठेतल्या दुकानात बंदूक होती.
टक् म्हणाली, झालं. दीडशे रुपये.
श्रावंतीला आरशात आत्याची बुगडी दिसली,
मला मागच्या स्टुलावरून नुसती वेणी.

तिसऱ्या दिवशी कान तापला.
तव्यासारखा म्हणणार होते,
पण तव्यावरचा हात काढून घेता येतो.
वरचा भाग लाल, फुगलेला, चकाकणारा,
आतल्या वळ्या बुजून गेलेल्या,
आणि खालची पाळी तेवढी जशीच्या तशी, मऊ, गार,
शेजारच्या घरात काय पेटलंय
त्याचा पत्ताच नसल्यासारखी.

विडी घरकुलात औषधांना तोटा नाही.
एकीनं हळद सांगितली, एकीनं खोबरेल,
यल्लव्वानं कडुनिंबाचा पाला.
मी सगळं लावलं.
हजार विड्या वळून उठलेल्या बोटांनी लावलं.

अंबादासला सगळं ओरडून सांगावं लागतं,
तीस वर्षं टॉवेलच्या मागावर गेली त्याची.
"माझ्या कानांना बघ काहीच झालं नाही," म्हणाला,
"तरी ऐकू येत नाही."
हसलो आम्ही तिघंही.
रात्री दोनला ती उठून बसली.
उशी लागत होती.

बिराजदार डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीच पाहिली.
"ही बरी आहे ना, त्यावरूनच कळतं.
हिच्यात कूर्चा नाही. दुखणं कूर्चेवर आहे."
कूर्चा म्हणजे?
त्यांनी माझाच कान दुमडला, सोडला.
तो टणकन उभा राहिला.
"ही.
हिच्यात रक्ताची एक नळी नाही.
वर पातळ आवरण असतं, त्यातून झिरपेल त्यावर जगते.
मध्ये पू साठला की आवरण सुटतं,
ही आत उपाशी मरते,
मग कान चुरगळतो तो कायमचा."

चौथीपर्यंत शिकले मी. पण हे कळलं.
पान सुटलं की विडी राहत नाही,
आत जर्दा कितीही चांगला असो.
चेकर तिला छाटात टाकतो, पैसे कापतो.

"घरी काही लावलं?"
मी गप्प.
त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.
वास आला असेल त्यांना,
मला बावीस वर्षांत येत नाही.
सोनारानं कान टोचावेत म्हणतात.
माझे त्या दिवशी टोचले,
कानडी हेल काढून, अगदी हळू आवाजात,
रक्त न काढता.

बुगडी निघाली. बारीक छेद दिला.
चमचाभर पू, एवढ्यासाठी एवढं रडणं.
आवरण परत चिकटावं म्हणून
पुढून मागून कापसाची गादी टाक्यांनी दाबून बांधली.
गोळी सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस,
"बरं वाटलं तरी," हे दोनदा.
उजव्या कुशीवर झोपायचं नाही.
आणि हात नाही लावायचा. कुणीच.

ते कुणीच म्हणजे मी.

पाढे चुकले की हाच कान पिळायचे,
उजवा, हाताशी यायचा तो.
सतरा पंचे पंचाऐंशीला तर हमखास.
आता चौदा रात्री तिच्या उजवीकडे झोपले,
ती कूस वळली की खांद्याला हात लावून थोपवायची.
खांद्याला. कोपरापर्यंत साबण लावून.
पंखा गरम वारा फेकत होता,
बाहेर कुणाचा तरी माग चालूच,
अन् मी तिच्या कानाला कान देऊन पडलेली,
तेवढं अंतर ठेवून.

कान राहिला.
वरच्या कडेला एक खळगा पडलाय, हरभऱ्याएवढा.
सिरसिल्लाहून आत्या आली. आल्या आल्या,
"बुगडी कुठाय?"
"डब्यात," श्रावंती म्हणाली,
"तुझं भोक कुणी पाडलं होतं गं? सुई तापवली होती का?"
आत्याला आठवेना.

केस मोकळे सोडले की खळगा दिसत नाही,
मी सांगून पाहिलं.
ती केस बांधते.