वजनकाटा, सस्कॅचवान

"घरातला की बांधकामाचा?"
वेंडेल खिडकीतून विचारतो. दर वेगळे आहेत.

ओरेस्ट मागे वळून बघतो:
फुटक्या टाइल्स, प्लास्टरची पोती
आणि आईच्या चाकांच्या खुर्चीसाठी
त्यानंच ठोकलेला लाकडी उतार,
तीन तुकड्यांत.

"बांधकामाचा." मग, "नाही. घरातला."
वेंडेल पेन्सिल कानामागे ठेवतो.

खड्ड्यावर सीगल. समुद्र हजार मैलांवर,
यांना इथला पत्ता कुणी दिला?
फळ्या ढकलताना एकीवर
रबराचा काळा ओरखडा.
वळणावर ती ब्रेक दाबायचीच, उगाच.

पुन्हा काटा. वजाबाकीचे पैसे.
"टायरांना चिखल बराच लागलाय," वेंडेल म्हणतो,
"तेवढा तुझ्या फायद्याचा."

घरी आता पायऱ्या असतील.
तीन. आठ वर्षं झाकलेल्या.