तिसरी चकती

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काच धुतली.
चंबू, नरसाळी, लांब मानेच्या कुप्या,
दुसऱ्यांनी उकळलेलं, मी विसळलेलं.
फुटलं तेवढंच माझ्या नावावर,
पगारातून कापून.

म्हणून आता तांबं.
पडलं तर पोचा येतो, बिल येत नाही.

हिलाल मिस्तरीकडून नळी आणली,
कुणाच्या तरी फ्रिजमध्ये वीस उन्हाळे राबलेली,
आणि त्याच्याच भंगारातला एक बंब,
बूड गेलेला, अंग शाबूत.
त्याच्या पत्र्यातून कापल्या तीन चकत्या.
आकृती वहीत होती. सरांनी फळ्यावर काढलेली,
मी पुसण्याआधी उतरवून घेतलेली.

नळीत भरली प्रकाशाहून आणलेली तापीची वाळू,
चाळून, तव्यावर कोरडी करून,
दोन्ही तोंडांना लाकडी बुचं,
आणि वळवत गेले सिमेंटच्या पाइपाभोवती.
पाच वेढे झाले. सहाव्याला हातांना कळलं,
आता ती ऐकत नाहीये.
हिलाल म्हणाला, "माय, ठोकी ठोकी तांबं रुसी जास.
लाल कर, पानीमा टाक. मंग देख."
लोखंडाला असं केलं तर ते कडक होतं.
तांबं उलटं. मऊ.
एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.

पहिल्या चकतीला छत्तीस भोकं.
दुसरीला पस्तीस, एक मोजायचं राहिलं.
तिसरी तिरकी बसली.
टाकणखार लावला, डाख दिला, काढला, पुन्हा दिला,
बत्तीच्या निळ्या जिभेपुढे डोळे चुरचुरले,
ती तिरकीच.
राहू दे. माझाही डावा खांदा उतरलेला आहे,
बादल्यांनी.

मधल्या जागेत मोटारीच्या जुन्या वाइंडिंगची तार,
खिळ्यावर गुंडाळून, कापून केलेली इवली वेटोळी,
मूठमूठ भरली, डब्यात शेवया भराव्यात तशी.

रोशा गवत धडगावच्या रस्त्याने डोक्यावर आलं.
भारा टाकून जेमली तिथंच बसली,
बघायचं होतं तिला, बाईचं काय चाललंय.
सांध्यांना कणीक थापली, चूल पेटवली.

वाफेआधी पोलीस आला.
तळोद्यात परसात तांब्याची नळी दिसली
की तिचा एकच अर्थ.
"बाई, या वयात?" म्हणाला,
आणि उकिडवा बसला चुलीसमोर,
पुरावा टपकायची वाट बघत.

आम्ही तिघं. कुणी बोलेना.
जेमलीने एकदा लाकूड पुढे सारलं.
मग एक थेंब आला,
बऱ्याच वेळाने दुसरा.

त्याने बोट लावलं, हुंगलं.
गुलाब? नाही, गवत. नाही, गुलाबच.
कपाळावरची आठी तशीच ठेवून
हात हळूच गुडघ्याकडे गेला.
"हे चोळायला चालतं ना?"
जेमलीने पदर तोंडात कोंबला.

पाण्यावर तेलाची कड आली, पिवळसर,
नखाएवढी जाड.
त्यातली निम्मी सरकारी गुडघ्यात जिरली.
उरलेल्या बाटलीवर मी चिठ्ठी चिकटवली,
प्रयोगशाळेतल्यासारखी: नाव, तारीख,
आणि खाली 'तयार करणार'.
त्या रकान्यात मी कायम सरांचं नाव लिहायचे.
पेन तसंच धरून बसले थोडा वेळ.

तिसऱ्या चकतीजवळची कणीक वाळून तडकली होती.
तिथून बारीक शिट्टी वाजत होती.