लाइनवर कुणीतरी

एक, तीन, चार, दोन.
यासीन खोत बॉनेटच्या काठावर बोटांनी मोजतो,
याच क्रमानं पेटायला हवं सगळं,
आणि माझी फियाट, चोपन्न सालची, डुकराच्या नाकाची,
कधी दोनला अडखळते, कधी चारला.
एकाच जागी चुकली असती तर पकडली असती.

दोन महिने राबोडीच्या गल्लीत उभी आहे.
समोर बेकरी. पाव निघाले की यासीन हात पुसतो.
प्लग बदलले, पॉइंट घासले,
कंडेन्सर भिवंडीहून आणला, मेलेल्या गाडीतला.
टॅपेट लावले, फीलरची पाती चिमटीत धरून.
रबरी नळ्या नव्या घातल्या.
“हल्लीचं पेट्रोल, बाई, रबर खातं.”
मग कार्बोरेटरचा स्क्रू,
पाव फेरा आत, अर्धा बाहेर,
आमटी चाखत मीठ घालावं तसं,
आणि आमटी रोज बिघडलेली.

यासीनचा डावा कान गेलाय,
पंचेचाळीस वर्षं ट्रकांखाली झोपून.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनाला टेकवतो,
मूठ उजव्या कानामागे.
“हाडाला खोटं ऐकू येत नाय.”

मी नौपाडा एक्स्चेंजची, एकतीस वर्षं,
आधी ट्रंक बोर्ड, नंतर तक्रारी.
मला लाइनवरचं तिसरं माणूस कळायचं.
दोघं बोलताहेत, आणि आतल्या खोलीत कुणीतरी
रिसीव्हर उचलून श्वास दाबून उभं आहे.
आवाज होत नाही.
आवाजाची जागा जरा रुंद होते, एवढंच.

मंगळवार होता, भट्टी थंड होती, गल्ली गप्प.
म्हटलं, यासीनभाई, थांबा.
लाइनवर कुणीतरी आहे.
त्यानं हात पुसून खिशातला मोबाइल काढून पाहिला.

इथं हो, इथं.
कार्बोरेटरच्या कुशीत,
थ्रॉटलचा दांडा जिथून बाहेर येतो,
तिथं एक सुस्कारा, केसाएवढा.

त्यानं कुपीतून दोन थेंब तेल सोडलं.
थेंब आत ओढले गेले
आणि तेवढ्यापुरतं, चार-पाच श्वास,
एक, तीन, चार, दोन,
एक, तीन, चार, दोन.
मग पुन्हा डुगडुग.
यासीन कुपी धरून उभाच.
“सत्तर वरसं दांडा फिरून भोक मोठं झालंय.
आपण पेट्रोल मोजत बसलो.
ही चोरून हवा पीत होती.”

वागळे इस्टेटला, सोळा नंबर रस्त्यावर,
बंद शटरांच्या रांगेत एक लेथ चालू होता.
केदार चुरी, चष्म्याला दोरा बांधलेला,
पितळेचा बुश करून दिला, अंगठीहून लहान.
दीडशे रुपये, आणि चहा त्याचाच.
कशाला हवाय, हे त्यानं चहा संपल्यावर विचारलं.

यासीननं एक जुना जाड रुपया
टॅपेट कव्हरवर कडेवर उभा केला.
राहिला उभा.
इंजिन चालू, आणि रुपया उभा.
मी मोजत होते, ट्रंक कॉलची तीन मिनिटं मोजायचे तशी.
एक मिनिट चाळीसला बेकरीचा पोरगा
वाकून बघायला आला, आणि मैद्यानं त्याला शिंक आली.
रुपया अजून सापडलेला नाही.

संध्याकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलो.
यासीन शेजारच्या सीटवर, मांडीवर पान्हे घेऊन.
मेट्रोच्या खांबांमधून ट्रकांची रांग घोडबंदरकडे वळत होती.
त्यानं मान वाकडी केली. “बंद पडली?”
मी त्याचा हात धरला,
स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीवर ठेवला.
तो काही बोलला नाही. हातही काढला नाही.
सिग्नल सुटला, मागून टँकर भोंगा मारायला लागला,
आणि मला गिअर टाकायचा होता.

सकाळी थंड असताना अजून एकदा अडखळते,
दोनला की चारला, नीट सांगता येत नाही.
यासीन म्हणतो, आणा, बघू.
नेईन. घाई नाही.