तंगूस

थोरल्या भावाने बोटीवर जाण्याआधी
एस्टीम खाली बसवली. दोन इंच.
लाल स्प्रिंगा मडगावहून आणल्या
आणि एका रविवारी, चिऱ्यांच्या थप्पीवर
गाडी टांगून, चाकं लोंबत असतानाच
सगळे बोल्ट आवळून टाकले.
मग चावी खुंटीला लावली आणि गेला.

आठ महिन्यांत मागचा डावा टायर
आतल्या अंगाने तार दिसेपर्यंत झिजला.
बाहेरून पाहावं तर नक्षी शाबूत.
सावर्ड्याच्या सरळ रस्त्यावरही
स्टिअरिंग जरासं वाकडं धरावं लागे.
मागून आलेला पाववाला सायकल थांबवून म्हणाला,
बाय, तुझी गाडी कुर्लीसारखी चालते.

फोंड्याला मशीनवाले म्हणाले,
मागचं आमच्यात बसत नाही, पुढचं करून देतो.
पुढच्याने माझं काय बिघडवलं होतं?

कुडचड्याच्या सगुण च्यारीकडे मशीन नाही.
गरीची तंगूस आहे, चार लोखंडी स्टँड,
मुलीच्या कंपासातली स्टीलची पट्टी
आणि गवंड्याकडून मागून आणलेली पाण्याची नळी.

आधी त्याने जमीन मोजली.
उजव्या मागच्या चाकाखाली दोन फरश्या,
पुढच्याखाली एक, वर पत्र्याचा तुकडा.
"भुंयच वाकडी, मग गाडीला कसला बोल लावायचा?"

मग दोन्ही अंगांना तंगूस ताणली.
उन्हात एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली.
गॅरेजचं मांजर तिला धडकलं, रागावलं, निघून गेलं,
तर सगुणने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
फ्लाविओ उकिडवा बसून आकडे ओरडत होता:
उजवं, पुढची कड चाळीस, मागची चाळीस.
डावं, पुढची सदतीस,
मागची बेचाळीस.
पाच मिलिमीटर. नखाएवढंसुद्धा नाही.
एवढ्याने एक अख्खा टायर खाल्ला.

त्याने मागचे सगळे बोल्ट सैल केले.
मला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी
उकड्या तांदळाचं पोतं, आणि डिकी दाबून दाबून
गाडीला तिचं वजन आठवू दिलं.
"टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळायचे नसतात," म्हणाला.
"रबर तिथेच धरून बसतं.
मग गाडी इथे, आणि ते ओढतंय
ती पूर्वी होती त्या उंचीकडे."
मी पोत्यावर हात ठेवून गप्प बसले.

डावं पाचावरून दोनावर आलं. पुढे हलेना.
सगुण बॅटरी घेऊन खाली सरपटला
आणि बराच वेळ वर आला नाही.
"हा आर्म वाकलाय. जुनं आहे. वरून काळा रंग मारलाय.
उंच होती तेव्हा खपून गेलं असेल."

बोरीच्या पुलावर पंक्चर झालं, असं तो म्हणाला होता,
पहाटे तीनला, गुडघ्यावर चिखल,
आणि आईने फक्त पाणी तापवलं होतं.
दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा
गोठ्याच्या मागे मी पाहिला होता.
मी तरी कुठे विचारलं?

दुसरा आर्म भंगारात मिळेपर्यंत
दोन मिलिमीटर राहतील, सगुण म्हणाला,
सावकाश चालव, टायर अदलाबदल करत जा.
मी वाकलेल्या आर्मचा फोटो भावाला पाठवला.
बोट कुठल्या समुद्रात होती कोण जाणे,
रात्री उत्तर आलं: किती आले?
पैसे विचारले की आकडा, कळलं नाही.
मी लिहिलं, दोन राहिलेत.

त्याआधी, संध्याकाळी, गॅरेजमधून निघताना पाहिलं:
सगुण तीच तंगूस
रिकाम्या बाटलीवर गुंडाळत होता.
टोकाला गरी बांधली, पट्टी कंपासात परत ठेवली,
आणि फ्लाविओला घेऊन नदीकडे उतरला.
स्टिअरिंग सरळ होतं. जवळजवळ.